रक्त पुष्कळ, भय थोडे

दिवाळी अंक म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी वाचायची वस्तू. तेथे करवती आणि तुटलेली बोटे यांचा विषय काढू नये, हे मलाही कळते. पण वाचकहो, हा विषय आपल्या घरात केव्हाच येऊन बसला आहे. पलीकडच्या खोलीत दार लोटून आपली मुले जे पाहतात, त्यांत माणसांच्या छळाचे भयपट असतातच. ‘सर, एकदा बघाच’ असा वर्गातल्या मुलांचा आग्रह झाला, तेव्हा त्यांतला एक मीही पाहिला. त्याचे नाव ‘हॉस्टेल’. इलाय रॉथ यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००६ च्या जानेवारीत अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात डेव्हिड एडेलस्टाइन या अमेरिकन समीक्षकाने या जातीच्या चित्रपटांना एक नाव दिले. ते जगभर रूढ झाले, पण या पानांवर छापण्याजोगे नाही.

कथेचे बीज मात्र खरोखर धारदार आहे. पॅक्स्टन आणि जॉश हे दोन अमेरिकन तरुण आणि त्यांचा आइसलंडचा मित्र युरोपात मौजमजा करीत हिंडत असतात. कोणीतरी त्यांना स्लोव्हाकियातल्या एका वसतिगृहाची भुरळ घालतो. तेथे गेल्यावर एकेक जण नाहीसा होऊ लागतो. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात श्रीमंत गिऱ्हाइके पैसे मोजून जिवंत माणसाला छळून मारण्याची हौस भागवीत असतात. माणूस विकत घ्यायचा तो कामासाठी नव्हे, चाकरीसाठी नव्हे, नुसता फाडण्यासाठी! एवढी कल्पना हाती असताना लेखकाला आणखी काय हवे?

पण घोडे अडले ते चालीपाशी. चित्रपट सव्वादीड तासाचा. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ तरुणांचे मद्यपान, नाच आणि थिल्लर विनोद यांत जातो. हळू चालायला माझी हरकत नाही. कीर्तनकारही आख्यानाला हात घालण्यापूर्वी पूर्वरंग रंगवतोच. पण या पूर्वरंगातून ही पोरे आपल्याला कळत नाहीत, आणि कसली चाहूलही लागत नाही. मग उत्तरार्धात एकदम ड्रिल, चाकू, करवत, गॅसची ज्योत! अवजारांच्या दुकानाची यादी वाचावी तसे एकामागून एक प्रकार. पहिल्याला अंगावर शहारा येतो, तिसऱ्याला आपण घड्याळाकडे पाहतो.

आमच्या रसशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे रस वेगळे मानले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भय हे पुढे घडेल त्याचे असते, किळस ही समोर घडून गेलेल्याची. नाट्यशास्त्राने तर मरण अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून कळवावे असे सांगितले. त्याला केवळ सोवळेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही.

गंमत अशी की या चाहुलीचा एक उस्ताद ‘हॉस्टेल’मध्येच क्षणभर दिसतो. कारखान्यातून बाहेर पडणारे एक जपानी गिऱ्हाईक म्हणजे दिग्दर्शक ताकाशी मीके. त्याच्या १९९९ च्या ‘ऑडिशन’मध्ये एक स्त्री रिकाम्या खोलीत मान खाली घालून टेलिफोनशेजारी बसलेली असते. मागे एक पोते पडलेले. टेलिफोन वाजतो आणि पोते हलते. बस, एवढेच. छळ येतो तो अगदी शेवटी. पण त्या पोत्यात काय आहे या विचाराने आपण तोवर अर्धमेले झालेलो असतो.

बंद कारखाना, ड्रिल, करवत यांनी दूरच्या प्रेक्षकाच्या पोटात गोळा येत असेल. आमच्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडे ही रोजच्या भाकरीची साधने. गाड्यांचे पत्रे ज्या पॉवर प्रेसवर दाबले जातात, तिथे वरची डाय खालच्या डायवर आदळते आणि त्या दोहोंच्या मध्ये पत्रा सरकवणारा हात जातो. म्हणून तर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय करतात. ती बिघडली किंवा घाईसाठी कोणी बाजूला सारली, की बोटे जातात. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची ताकद २० टक्के घटली असे धरले होते, आणि अंगठा गेला तर ३० टक्के. ‘हॉस्टेल’मध्ये पॅक्स्टनचीही नेमकी दोन बोटे जातात, आणि थोड्याच वेळात हा गृहस्थ भरधाव मोटार हाकू लागतो! त्या हाताचे पुढे काय होणार, हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील प्रेस शॉपमध्ये आहेत. तो म्हणाला, “बाबांना हे दाखवलं तर हसतील, सर. पण प्रेसचा आवाज मध्येच थांबला, तर ते अजून दचकतात.”

न्यायाने सांगायचे तर ‘हॉस्टेल’मध्येही एक प्रसंग असा आहे की ज्याने मला झोप येईना. सुटलेला पॅक्स्टन चोरलेल्या कपड्यांत बाहेर पडत असताना कपडे बदलायच्या खोलीत एक अमेरिकन गिऱ्हाईक त्याला गाठते. पॅक्स्टनही आपल्यासारखाच पैसे भरून आलेला, अशी त्याची समजूत. लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखा तो उतावीळ झालेला असतो. कसे केलेस, झटपट उरकावे की सावकाश, अशी चौकशी तो मोठ्या आपुलकीने करतो. रक्ताचा थेंब सांडत नाही. नुसते दोन माणसांचे बोलणे. पण ते मिनिटा-दोन मिनिटांत आटोपते आणि पुन्हा अवजारे सुरू.

२००७ च्या दुसऱ्या भागात रॉथ यांनी या गिऱ्हाइकांकडे अधिक लक्ष दिले, आणि माझ्या मते तोच भाग अधिक जमला. धंदा मात्र पहिल्याच्या मानाने फारच कमी झाला. २०११ चा तिसरा भाग वेगळ्या दिग्दर्शकाने लास व्हेगासच्या पार्श्वभूमीवर केला; तो चित्रपटगृहांत न जाता सरळ घरी पाहण्याच्या तबकडीवरच आला.