केबिनमधली सीलबंद बाटली

अमेरिकेतला एखादा ट्रकचालक घरी परतताना वाइनची बाटली विकत घेतो, सील न तोडता केबिनमागच्या बिछान्याखाली ठेवतो आणि गाडी सुरू करतो. तो प्यायलेला नाही, वाटेत पिणारही नाही. तरी त्याने नियम मोडलेला असतो.

तिथल्या केंद्रीय नियमावलीतले कलम ३९२.५ पिण्यापुरते थांबत नाही. कामावर असताना किंवा व्यावसायिक वाहन चालवताना दारू जवळ बाळगण्यालाच मनाई आहे. बिअर, व्हिस्की-रम आणि ०.५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असलेली वाइन, सगळे त्यात येते. सील शाबूत असल्याने सुटका होत नाही. कागदपत्रांत माल म्हणून नोंदलेली दारू मात्र ट्रक भरून नेता येते. बसच्या प्रवाशांजवळची बाटलीही चालकाच्या माथी येत नाही.

कामावर येण्याआधी ४ तास पिणेही वर्ज्य. नियम मोडल्यास २४ तास गाडी चालवता येत नाही आणि ही गोष्ट मालकाला कळवावी लागते. रक्तातले प्रमाण ०.०४ टक्के भरले, तर व्यावसायिक परवाना पहिल्याच खेपेस किमान वर्षभर जातो. धोकादायक माल असेल तर ३ वर्षे.

केबिन हेच ज्याचे आठवडेच्या आठवडे घर असते, त्याला हे जाचक वाटणार, हे मला कळते. पण ८०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३६ टनांचा ट्रक शेजारून जातो, तेव्हा मी नियमाच्याच बाजूने असतो. घरच्यांसाठीची बाटली गावात पोचल्यावर, स्वतःच्या मोटारीतून जाऊन घ्यावी.