फिजिशियन असिस्टंट अभ्यासक्रमाची प्रवेश-मुलाखत

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींची मुले आज अमेरिकेत शिकत आहेत. काहींच्या पुतण्या-भाच्या तेथे नोकरी सांभाळून पुढील शिक्षणाची तयारी करीत आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘पीए’ हा शब्द अलीकडे वारंवार येतो, आणि इकडे आईवडिलांच्या मनात पहिली शंका उभी राहते ती ही, की मुलगी डॉक्टर होणार की डॉक्टरांची मदतनीस? हीच शंका प्रवेशाच्या मुलाखतीतही वेगळ्या शब्दांत विचारली जाते. म्हणून तिच्यापासूनच आरंभ करणे सोयीचे.

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. रुग्णाला तपासणे, निदान करणे, चाचण्या सांगणे, औषध लिहून देणे आणि शस्त्रक्रियेत सर्जनला साहाय्य करणे ही सर्व कामे तो करतो. मात्र डॉक्टरांच्या सहयोगाने आणि त्या त्या राज्याच्या कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत. २०२१ मध्ये या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेने ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हा शब्द स्वीकारला, त्यामागे नावामुळे होणारा हाच गैरसमज होता. शिक्षण पदव्युत्तर दर्जाचे असून बहुधा दोन ते अडीच वर्षांचे असते. पहिले वर्ष-सव्वा वर्ष वर्गात व प्रयोगशाळेत जाते आणि उरलेला काळ रुग्णालयांतील निरनिराळ्या विभागांत. त्यानंतर ‘पान्स’ ही ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा आणि मग राज्याचा परवाना.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्या अज्ञानाचा फायदा घेणारे दलाल कमी नाहीत. ‘पान्स’ परीक्षेला बसण्याचा अधिकार अमेरिकेतील मान्यताप्राप्त पीए अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यालाच असतो. भारतातही या नावाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांचे येथील महत्त्व आहेच. पण त्या पदवीवर तेथे काम करता येत नाही. इतकेच नव्हे, तर आपल्याकडे एम.बी.बी.एस. झालेल्यालाही हा अभ्यासक्रम आरंभापासून करावा लागतो. शिवाय अनेक विद्यापीठे केवळ नागरिकांना व कायम निवासाचा परवाना असलेल्यांनाच प्रवेश देतात. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

हा व्यवसाय जन्माला कसा आला हे उमेदवाराला ठाऊक असले पाहिजे. तारखा पाठ म्हणून नव्हे, तर मुलाखतीतील निम्म्या प्रश्नांची मुळे तेथे आहेत म्हणून. १९६५ साली उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चार विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग सुरू केला. ते चौघेही नौदलात वैद्यकीय सेवा केलेले जवान होते. डॉक्टरांची टंचाई होती, आणि जखमी माणसांची शुश्रूषा प्रत्यक्ष केलेले हे हात नागरी जीवनात रिकामे राहत होते. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. १९७० मध्ये जॉइस निकोल्स या कृष्णवर्णीय परिचारिका तेथूनच शिकून या व्यवसायातील पहिल्या महिला ठरल्या. म्हणजे रुग्णसेवा केलेल्या माणसाला पुढचे शिक्षण द्यायचे, ही मूळ कल्पना होती. म्हणूनच आजही बहुतेक अभ्यासक्रम अर्जदाराकडे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शेकडो, कित्येकदा हजाराहून अधिक तास मागतात. वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्सिंग असिस्टंट, रुग्णवाहिकेवर ईएमटी, दवाखान्यात मेडिकल असिस्टंट अशी कामे त्यात मोजली जातात.

बहुतेक अर्ज ‘कॅस्पा’ या मध्यवर्ती व्यवस्थेतून जातात. गुणपत्रके, अनुभवाचे तास, शिफारसपत्रे आणि निवेदन यांची छाननी झाल्यावरच मुलाखतीचे बोलावणे येते. बोलावणे आले याचा अर्थ अभ्यासाची चाळणी पार झाली. आता जीवशास्त्राचे प्रश्न क्वचितच विचारले जातात. तरीही आपली मुले मुलाखतीच्या आदल्या रात्री शरीरशास्त्राची पुस्तके चाळत बसतात, हे पाहून वाईट वाटते.

मुलाखतीचा प्रकार ठिकाणानुसार बदलतो. कोठे दोन-तीन प्राध्यापक समोर बसतात, कोठे काही उमेदवारांना एकत्र बसवून एखादे काम सोपवतात आणि कोण बोलतो, कोण ऐकतो, कोण दुसऱ्याचे वाक्य तोडतो हे पाहतात. पुष्कळ ठिकाणी छोट्या मुलाखतींची मालिका असते. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात या शतकाच्या आरंभी तयार झाली. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो. तो वाचून विचार करायला सुमारे दोन मिनिटे मिळतात, मग आत जाऊन सात-आठ मिनिटे बोलायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. प्रत्येक खोलीत परीक्षक वेगळा. एकाच परीक्षकाच्या पसंती-नापसंतीवर उमेदवाराचे भवितव्य ठरू नये, हा त्यामागील विचार मला न्याय्य वाटतो. एका खोलीत अडखळल्यास पुढच्या खोलीत पाटी कोरी असते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

सर्वत्र विचारला जाणारा प्रश्न एकच : डॉक्टर का नाही, परिचारिका का नाही, पीएच का? ‘शिक्षण लवकर संपते’, ‘खर्च कमी येतो’ ही उत्तरे खोटी नसतात, पण ती केवळ उमेदवाराच्या सोयीची असतात. ‘एका विभागातून दुसऱ्या विभागात जाता येते’ हेही खरे आहे, तरी तेवढ्याने भागत नाही. परीक्षकाला जाणून घ्यायचे असते ते हे, की या व्यक्तीने एखाद्या पीएला काम करताना जवळून पाहिले आहे काय? निर्णय स्वतः घेणे आणि आपल्या ज्ञानाची सीमा आली की न लाजता डॉक्टरांना विचारणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता याव्या लागतात. जो केवळ आज्ञाधारक आहे तो येथे अपुरा पडतो, आणि ज्याला मनातून डॉक्टरच व्हायचे होते तो येथे दुःखी होतो.

आता आपल्या मुलांच्या विशेष अडचणीकडे येतो. आपल्या घरांत आणि वसतिगृहांत ‘मी’ म्हणणे शोभत नाही. चांगले काम झाले तर ते ‘आम्ही’ केले, सरांनी करवून घेतले, असे आपण म्हणतो, आणि हा संस्कार मोलाचा आहे. मुलाखतीत मात्र प्रश्न असतो, ‘तुम्ही एखाद्या रुग्णासाठी केलेली एक गोष्ट सांगा.’ उत्तर येते, ‘आम्ही सर्व रुग्णांची काळजी घेत असू.’ परीक्षकाच्या कागदावर काहीच उमटत नाही. समजा, शुश्रूषागृहात काम करणाऱ्या मुलीच्या लक्षात आले, की एक आजी तीन दिवस जेवणाचे ताट अर्धे परत पाठवीत आहेत. तिने विचारले, तेव्हा कळले की नवी कवळी हिरडीला टोचते. तिने ते परिचारिकेला सांगितले, नोंद झाली, दंतवैद्य आले. या तीन वाक्यांत लक्ष देणे आहे, संवाद आहे, आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखणे आहे. हे सांगण्यात बढाई नाही. जे घडले ते सांगणे आहे. अशा पाच-सहा घटना उमेदवाराने आधी वहीत उतरवाव्यात : प्रसंग काय होता, मी काय केले, पुढे काय झाले आणि मला काय उमगले. उत्तरे पाठ करू नयेत, घटना आठवून ठेवाव्यात. पाठ केलेले उत्तर दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येते.

वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवण्याची सवयही तेथे वेगळी वाचली जाते. त्यासाठी उद्धट होण्याचे कारण नाही. बोलताना समोर पाहावे, एवढेच. घरातील मोठ्यांनी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मुलाला इंग्रजीत, नाही जमले तर मराठीतही, असे प्रश्न विचारले तर मोठी मदत होते. ही तयारी करून घेण्यासाठी आईने वैद्यक शिकलेले असावे लागत नाही.

नीतीच्या प्रसंगांत एकच बरोबर उत्तर नसते. ‘वरिष्ठ डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाची रुग्णाला ॲलर्जी आहे असे नोंदीत दिसते, तुम्ही काय कराल?’ येथे ‘डॉक्टरांना जास्त कळते’ म्हणून गप्प राहणारा आणि रुग्णासमोरच डॉक्टरांना चूक ठरवणारा, दोघेही मागे पडतात. औषध थांबवून ठेवणे, नोंद पुन्हा पाहणे, डॉक्टरांशी एकांतात व तत्काळ बोलणे आणि तरीही समाधान झाले नाही तर पुढील अधिकाऱ्याकडे जाणे, हा क्रम मोठ्याने विचार करीत सांगता आला पाहिजे.

शेवटी एक नाजूक प्रश्न. ‘तुम्ही कोणत्या प्रतिकूल परिस्थितीतून आलात?’ असे विचारले की आपली मुले गोंधळतात. जातीविषयी बोलावे की नाही? बहुतेक परीक्षकांना ती व्यवस्था ठाऊक नसते, आणि क्वचित समोर भारतीय वंशाचा परीक्षक असला तर मनावर वेगळेच दडपण येते. माझे मत असे, की बोलणे बंधनकारक नाही आणि लपवणेही आवश्यक नाही. बोलायचे ठरवले तर दोन वाक्यांत परिस्थिती सांगावी आणि उरलेला वेळ आपण काय केले यासाठी ठेवावा. आजोबा गावकुसाबाहेर राहिले हे सांगताना त्यातून रुग्णाकडे पाहण्याची कोणती दृष्टी आली ते सांगता येत असेल, तर ते उत्तर वजनदार होते. आपल्या घराण्याचे दुःख दया मिळविण्यासाठी मांडू नये. परीक्षकालाही ते नको असते.

मुलाखतीच्या दिवशी विद्यापीठ दाखवणारे विद्यार्थी आणि दाराशी बसलेल्या लिपिक यांच्याशी झालेले वर्तनही अनेकदा समितीच्या कानी जाते. अखेरीस ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाते, तेव्हा ‘नाही’ म्हणू नये. विद्यार्थी नापास झाल्यास कोणती मदत मिळते, रुग्णालयातील प्रशिक्षणाची ठिकाणे विद्यापीठ देते की स्वतः शोधावी लागतात, ‘पान्स’मध्ये पहिल्या प्रयत्नात किती जण उत्तीर्ण होतात, हे विचारावे. शेवटचा आकडा प्रत्येक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला जाहीर करावाच लागतो. निकाल सर्वांचे एकदम लागत नाहीत. पुष्कळ ठिकाणी जागा जसजशा ठरतील तसतशी पत्रे जातात, म्हणून अर्ज हंगामाच्या आरंभी करणाऱ्याला लाभ होतो. प्रतीक्षायादीत नाव असलेल्याने पत्ता व फोन क्रमांक बदलल्यास लगेच कळवावे. वर्ग सुरू होण्याच्या अगदी जवळच्या दिवसांतही बोलावणे येऊ शकते, आणि उत्तर देण्यास मुदत थोडी असते.