शुक्रवारी मांडलेले विधेयक

बारामती तालुक्यातले कन्हेरी राज्याला ठाऊक आहे ते तिथल्या मारुतीमुळे. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ इथे फुटतो. शरद पवार 1967 साली पहिल्यांदा आमदार झाले, तेव्हापासूनचा हा रिवाज सांगतात. एप्रिल 2024 मध्ये त्यांची कन्या, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांच्या प्रचाराचा नारळही इथेच फुटला. तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी फुटलेला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष, हातचे गेलेले घड्याळ हे चिन्ह आणि नणंद-भावजयीची लढत होती. याच खासदाराने दोन वर्षांपूर्वी समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मागितली होती, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली.

1 एप्रिल 2022, शुक्रवार. शुक्रवारची दुपार लोकसभेत खासगी विधेयकांची असते. सुळे यांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवली. पती-पत्नीच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द, दोघे पुरुष असतील तर वयाची अट 21, दोघी स्त्रिया असतील तर 18. मागणी एवढीच. योगायोग असा की, जगातले पहिले कायदेशीर समलिंगी विवाह नेदरलँड्समध्ये 2001 साली याच तारखेला लागले होते.

खासगी विधेयकाचे भवितव्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम 14 विधेयके मंजूर झाली, शेवटचे 1970 मध्ये. तरीही ते मांडले गेले याला मोल आहे. डिसेंबर 2015 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 बदलण्याचे शशी थरूर यांचे विधेयक सभागृहाने मांडूच दिले नव्हते. 24 विरुद्ध 71 मतांनी ते दारातच अडवले गेले. सहा-सात वर्षांत एवढा फरक पडला, तो मुख्यतः न्यायालयामुळे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काढून घेतली आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी परत दिली. राजकीय पक्ष बराच काळ काठावर बसून होते. सुळे यांच्या राष्ट्रवादीने ऑक्टोबर 2020 मध्ये स्वतंत्र एलजीबीटी सेल काढला, हे त्यातल्या त्यात धाडसच.

मराठी मुलखाला हा विषय परका आहे असे म्हणणाऱ्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे जुने अंक चाळावेत. त्याचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे वाचकांच्या समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना न लाजता उत्तरे देत. त्याच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. विवाहाच्या रीतीवरून भांडणे तर पुणे जिल्ह्याला त्याहून जुनी. 1873 साली पुण्यात भटजीविना पहिला सत्यशोधक विवाह लागला, तेव्हाही ‘हे लग्न म्हणायचे का’ असेच विचारले गेले.

2023 मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आला. 18 एप्रिलला सुनावणी सुरू झाली, दहा दिवस चालली. केंद्राने विरोध केला आणि राज्यांचे मत मागवले. उत्तर दिलेल्या सात राज्यांपैकी राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी नाही म्हटले. महाराष्ट्राने वेळ मागितला. पीठाचे प्रमुख धनंजय चंद्रचूड, मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर. म्हणजे विधेयक मांडणारी खासदार आणि पीठावरचे सरन्यायाधीश, दोघेही पुणे जिल्ह्याशी बांधलेले. 17 ऑक्टोबरच्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही, असे म्हटले. निदान सहजीवनाला मान्यता मिळावी, असे चंद्रचूड आणि संजय किशन कौल यांचे मत पडले. ते दोघे अल्पमतात राहिले. कायदा करायचा तर विधिमंडळांनी करावा, असे म्हणून चेंडू परत पाठवला गेला. माझ्या मते न्यायालयाने इथे हात आखडता घेतला. पण आता तक्रार कुणाकडे करायची हे तरी स्पष्ट झाले.

4 जून 2024 रोजी सुळे 1,58,333 मतांनी निवडून आल्या. दुसऱ्याच दिवशी सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर त्यांचे विधेयकही व्यपगत झाले. त्यानंतर हाती पडले ते किरकोळ. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि जोडीदाराला नामनिर्देशित करता येते. घटनापीठाच्या निकालावरच्या फेरविचार याचिका 9 जानेवारी 2025 रोजी फेटाळल्या गेल्या. त्याच महिन्यात थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले.

नेपाळचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे. 29 नोव्हेंबर 2023 रोजी तिथल्या लमजुंग जिल्ह्यात एका ग्रामीण पालिकेने अशा विवाहाची पहिली नोंद केली. आपल्याकडे खेड्यात विवाहनोंदणीचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाचे. त्याच्या छापील अर्जात वराची माहिती, वधूची माहिती, तीन साक्षीदारांच्या सह्या अशी ठरलेली मांडणी असते. दोन वर किंवा दोन वधू आल्या तर त्याने काय लिहावे, याची सोय त्या कागदात नाही. ती त्याची चूकही नाही.

विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला मोकळे होता येत नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने मागितलेल्या वेळेचे पुढे काय झाले, हे आपल्या आमदाराला पुढच्या भेटीत जरूर विचारा.