भेट नाही, तर पोटगी नाही?

"ती पोराला भेटू देत नाही, मग मी पैसे का भरू?" वेगळं राहणाऱ्या बापांकडून हे सतत ऐकू येतं आणि आजूबाजूची माणसं अशी माना डोलावतात, जणू कायद्यातच तसं लिहिलंय. तिकडे माहेरची मंडळीही तितक्याच ठामपणे बजावतात, "पोटगी थकवली ना? मग दाखवू नकोस पोराचं तोंड." दोन्ही साफ चूक आहे आणि दोन्हीत भरडलं जातं ते मूल.

पोटगी आणि भेट यांची अदलाबदल होत नाही. मुलाची पोटगी त्याच्या दुधासाठी, फीसाठी, औषधांसाठी असते. ती आईवर केलेली मेहेरबानी नव्हे. भेटही कोर्ट मुलाचं हित बघूनच ठरवतं. त्यामुळे समोरच्याने एक आदेश मोडला म्हणून दुसऱ्यातून आपली सुटका होत नाही.

पोटगी थकली तर काय होतं? पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. ते सर्व धर्मांना लागू आहे. वसुलीचं वॉरंट निघूनही रक्कम भरली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. "आत जाऊन आलो, हिशेब मिटला" हेही खोटं. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, तिने देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे.

आणि भेट नाकारली तर? ज्या कौटुंबिक न्यायालयाने आदेश दिला, तिथेच अंमलबजावणीचा अर्ज करायचा. कोणत्या तारखेची भेट बुडाली याची नोंद ठेवायची, मेसेज जपायचे, बुडालेल्या भेटी भरून मागायच्या. ठरल्या जागी मुलाची वाट बघून एकट्याने परतणाऱ्या बापाचा संताप खरा असतो, त्याला कुणी नाटक म्हणू नये. पण त्या संतापात रोखलेले पैसे मुलाच्याच वाट्यातून जातात, एवढं तरी कळायला हवं! शिवाय थकबाकी डोक्यावर घेऊन भेटीचा अर्ज करणारा बाप समोरच्या वकिलाच्या हाती आयता मुद्दा देतो.

बाकीचे समज थोडक्यात.

"पाच वर्षांपर्यंत मूल आईचंच." हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 म्हणतो, ताबा 'सामान्यतः' आईकडे. तो बापाची भेट बंद करत नाही आणि मुलाचं हित त्याच कायद्यात सर्वांत वर आहे.

"परगावी, परदेशी असलेल्या बापाला कसली भेट?" जानेवारी 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फोन, व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचा हक्क मानला. ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं त्यात म्हटलं आहे.

"आई कमावते, म्हणजे बाप मोकळा." नाही. खर्च दोघांनी आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात उचलायचा.

"एकदा आदेश झाला की कायमचा." हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांबाबतचे आदेश वेळोवेळी बदलता येतात. नोकरी गेली, पगार घटला, तर रक्कम कमी करून मागायचा अर्ज लगेच करावा. अर्ज न करता भरणं थांबवलं, तर जुन्याच रकमेने थकबाकी चढत राहते.