मध्यरात्रीचा रिस्टार्ट

दौंड जंक्शनचा एक जुना अनुभव पुणे-मनमाड वाटेवरच्या प्रवाशांच्या चांगला परिचयाचा आहे. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला तो असा, की पुण्याहून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, निघालेल्या गाडीला दौंडात तोंड फिरवावे लागे. इंजिन सुटायचे, दुसऱ्या टोकाला जोडले जायचे आणि गाडी आल्या दिशेला पाठ करून निघायची. या खोळंब्याबद्दल फारसे कोणी चिडत नसे, कारण तो ठाऊक असे. लोक उतरत, चहा घेत, बाटली भरून परत येत. पुढे बाह्यमार्गावर कॉर्ड लाईनचे स्थानक झाले आणि कित्येक गाड्यांचा हा खोळंबा वाचला.

संगणकाचा रिस्टार्ट हाही खरे तर इंजिन बदलण्याचाच प्रकार. फरक इतकाच, की तो पुष्कळदा न सांगता होतो.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात जुलैच्या अखेरीस रात्री जाऊन बसावे, म्हणजे हा फरक कळतो. खरीप पीक विम्याची मुदत एरवी ३१ जुलैला संपते. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा दिला, तेव्हा अर्जांचा असा पूर आला, की मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. (ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली.) अशा दिवसांत दिवसा संकेतस्थळ हलत नाही, चक्र फिरत राहते आणि शेतकरी बाकावर बसून राहतो. म्हणून केंद्रचालक जेवून परत येतो आणि रात्री दहानंतर कामाला खरी सुरुवात करतो. बाजरीचा, कांद्याचा एकेक अर्ज भरला जातो. आधार, सातबारा, बँकेचे पासबुक, मग शेतकऱ्याच्या मोबाईलवरचा ओटीपी. आणि नेमक्या अशा वेळी पडदा निळा होतो, टिंबांचे कडे फिरू लागते. अर्धा भरलेला अर्ज जातो, ओटीपीची वेळ टळते आणि वस्तीवर झोपलेल्या माणसाला पुन्हा फोन करून उठवावे लागते.

यात यंत्राचा खोडसाळपणा नाही. विंडोजची महिन्याची नियमित दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी निघते, हा २००३ पासूनचा शिरस्ता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. मंगळवारी आलेली ही दुरुस्ती कुठे बुधवारी उतरते, कुठे दोन आठवडे रिस्टार्टची वाट पाहत पडून राहते. चालू असलेली फाईल बदलता येत नाही, म्हणून रिस्टार्ट हवाच. विंडोज १० ने त्यासाठी 'अॅक्टिव्ह अवर्स' आणले, म्हणजे माणूस कामात असण्याचे तास. त्या वेळात आपोआप रिस्टार्ट नाही. पण सुरुवातीला हे तास ठरलेले होते सकाळी आठ ते संध्याकाळी पाच! कचेरीतल्या कारकुनाचा दिवस गृहीत धरणाऱ्याला ओटीपीसाठी रात्री बाराला जागणारा तालुका कुठून ठाऊक असणार?

उपाय मात्र सोपा आहे, आणि तो अनेकांनी करून पाहिलेला नसतो. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे हे तास हाताने ठरवता येतात, अगदी अठरा तासांपर्यंत. सकाळी आठ ते रात्री दोन असे लावले, की रात्रपाळीही सुरक्षित. रिस्टार्ट बाकी असल्याची सूचना देण्याचे बटणही तिथेच आहे. मुदतीचा आठवडा असेल तर 'पॉज' करून अपडेट काही आठवडे थांबवता येते. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधून 'कोणी लॉगइन असेल तर आपोआप रिस्टार्ट नको' असेही सांगता येते. मात्र हा नियम एकट्याने चालत नाही. अपडेट ठरलेल्या वेळी आपोआप बसवण्याचा पर्याय त्याच्या जोडीला निवडावा लागतो. होम आवृत्तीत ही खिडकीच नाही.

अनेक जण यापुढची पायरी चढतात, आणि तिथे माझा त्यांच्याशी वाद आहे. कोणी तरी 'जाणकार' येतो, अपडेटची सेवाच बंद करून जातो आणि मालक खूश होतो. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका फटीची दुरुस्ती निघाली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' त्याच फटीतून शिरला, आणि ज्यांनी दोन महिन्यांत ती दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्या फायलींना कुलूप लागले. ब्रिटनच्या रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्याच जूनच्या अखेरीस तीच फट वापरणाऱ्या दुसऱ्या एका हल्ल्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. सेवा केंद्राच्या संगणकात तर गावभराची आधार कार्डे आणि पासबुके साठलेली असतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून काही जुन्या यंत्रांवर रिस्टार्टचा त्रासच उरला नाही, म्हणून समाधान मानणारेही भेटतात!

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती विजेची. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर यंत्र उठेलच असे नाही, आणि पुणे परिसरात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार सहसा गुरुवार. म्हणून दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार बरा. संध्याकाळी गर्दी ओसरली, की यूपीएस भरलेला आहे ना ते पाहावे, उघडे अर्ज जतन करावेत, स्टार्टमधून 'अपडेट अँड रिस्टार्ट' स्वतःच्या हाताने दाबावे आणि चहाला जावे. वीस मिनिटे, कधी तासभर. तोपर्यंत बाकावरच्या माणसालाही चहा सांगायला हरकत नाही.