भावचंचलता, ऐतिहासिक व गर्भित

शेअरचा भाव विशिष्ट कालावधीत किती हेलकावे खातो, याचे संख्यात्मक माप. भाव वर जाईल की खाली, हे त्यावरून कळत नाही. तो किती दूर जाऊ शकेल एवढेच कळते. होऊन गेलेल्या भावांवरून काढलेल्या मापास ऐतिहासिक चंचलता, तर विकल्प कराराच्या (ऑप्शनच्या) चालू अधिमूल्यावरून उलट गणिताने काढलेल्या मापास गर्भित चंचलता म्हणतात. या दोहोंची तुलना करून बाजारातील शेकडो शेअर व करार यांतून लक्षणीय तेवढे निवडणे, यास चंचलतेनुसार चाळणी असे म्हणता येईल.

ठरलेल्या किमतीस व ठरलेल्या मुदतीस शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क विकल्प कराराने मिळतो. बंधन मात्र येत नाही. या हक्काचे मोल म्हणजे अधिमूल्य. मुंबईच्या बाजारास असे व्यवहार ‘तेजी-मंदी’ या नावाने जुन्या काळापासून परिचित होते. रोखे करार (नियमन) अधिनियम, १९५६ अन्वये त्यांवर आलेली बंदी १९९५ मध्ये उठली आणि राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टी निर्देशांकावरील विकल्प जून २००१ मध्ये, तर निवडक शेअरांवरील विकल्प जुलै २००१ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत शिकागो येथील विकल्प बाजार २६ एप्रिल १९७३ रोजी अवघ्या १६ शेअरांवर उघडला. त्याच वर्षी फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे मूल्यनिर्धारणाचे सूत्र प्रसिद्ध झाले. सूत्रास शेअरचा भाव, निर्धारित किंमत, मुदत, व्याजदर व चंचलता या पाच राशी लागतात. पैकी पहिल्या चार समोर असतात. पाचवी भविष्यातील असल्याने कोणासच ठाऊक नसते.

ऐतिहासिक चंचलता काढताना रोजच्या बंद भावांतील शेकडा बदलांचे प्रमाण विचलन घेऊन त्यास वर्षातील कामकाजाच्या सु. २५२ दिवसांच्या वर्गमुळाने, म्हणजे सु. १५.९ ने, गुणतात. दैनिक विचलन १.५ टक्के असल्यास वार्षिक चंचलता सु. २४ टक्के येते. अशा शेअरचा भाव १,००० रु. असेल, तर त्याच किमतीच्या एक महिना मुदतीच्या विकल्पाचे अधिमूल्य (व्याज वगळता) सु. २८ रु. असावयास हवे. बाजारात ते ४० रु. असेल, तर सूत्र उलट सोडवून गर्भित चंचलता सु. ३५ टक्के निघते. चाळणीत हा शेअर वर येतो, कारण बाजाराची अपेक्षा गतकाळाहून बरीच अधिक आहे. परंतु एवढ्यावरून विकल्प महाग ठरत नाही. बहुधा मुदतीच्या आत कंपनीचे तिमाही निकाल वा न्यायालयाचा निर्णय अपेक्षित असतो. ऐतिहासिक माप त्याविषयी काहीच सांगू शकत नाही.

मापाचे आणखीही दोष आहेत. वीस दिवसांच्या खिडकीत एकोणीस दिवशी १ टक्का व एका दिवशी ८ टक्के बदल झाला, तर चंचलता सु. ३२ टक्के दिसते. तो एक दिवस खिडकीबाहेर पडताच ती १६ टक्क्यांवर येते. बाजारात त्या दिवशी काहीही घडलेले नसते. एकास एक बोनस शेअरनंतर भाव निम्मा होतो. जुने भाव त्यानुसार दुरुस्त केले नाहीत, तर शांत शेअरही चाळणीत सर्वांत चंचल ठरतो. ज्या विकल्पांत व्यवहार क्वचितच होतात, त्यांची गर्भित चंचलता शिळ्या भावावरून निघत असल्याने निरुपयोगी असते. म्हणून उलाढालीची अट आधी लावणे इष्ट.

शेअरागणिक स्वभाव भिन्न असल्याने गर्भित चंचलतेची तुलना त्या शेअरच्याच वर्षभरातील मूल्यांशी करतात. वर्षातील नीचांक १८, उच्चांक ५८ व आजचे मूल्य २८ असेल, तर श्रेणी २५ टक्के येते व विकल्प स्वस्त भासतो. मात्र ५८ हा आकडा एखाद्याच भयग्रस्त दिवशीचा असेल, तर वर्षातील बहुतेक दिवशी मूल्य २८ च्या खालीच असू शकते. म्हणून किती दिवशी मूल्य आजच्याहून कमी होते, हे सांगणारे शततमक अधिक विश्वसनीय ठरते.

निर्देशांकाच्या गर्भित चंचलतेवरून शिकागोच्या बाजाराने १९९३ मध्ये ‘व्हिक्स’ व राष्ट्रीय शेअर बाजाराने २००८ मध्ये ‘इंडिया व्हिक्स’ हे मापक सुरू केले. ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या मतमोजणीत निफ्टी सु. ६ टक्के घसरला व इंडिया व्हिक्स उसळला. दुसऱ्याच दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक वर जाऊनही मापक कोसळला, कारण अनिश्चितता ओसरली होती. अशा वेळी दिशा अचूक ओळखलेल्या ग्राहकाचाही विकल्प अपेक्षेइतका फळत नाही.

गर्भित चंचलता सरासरीने प्रत्यक्ष चंचलतेहून थोडी अधिक राहते. हा फरक विकल्प विकणाऱ्याचा मोबदला होय. तो विम्याच्या हप्त्यासारखा थोडाथोडा मिळतो आणि तोटा मात्र एकदम येतो. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी व्हिक्स एका दिवसात दुपटीहून अधिक वाढला, तेव्हा चंचलता कमी राहील या भरवशावर चालणाऱ्या योजनांचे जवळजवळ सर्व भांडवल बुडाले. भारतात सेबीच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व विकल्प यांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या व एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.