धातुशोधक यंत्र आणि पांढरीचें धन

खानदेशांत गुप्तधनाची गोष्ट ज्यानें ऐकली नाहीं असा माणूस विरळा. जामनेरकडे कांग नदीच्या कांठच्या खेड्यांतून रात्रीं ओट्यावर बैठक जमली कीं कोणी तरी हा विषय काढतोच. एखाद्या पडक्या गढीखालीं मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसलेला आहे, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे तो हंडा त्यास दिसतो, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कथा म्हणून ती गोड असली, तरी तिच्यापायीं कर्ज काढून मांत्रिकाची भर करणारीं कुटुंबें झालीं, आणि क्वचित् निरपराध जीवांचा बळीहि गेला. म्हणूनच महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यांत, धनाच्या शोधासाठीं केलेल्या अघोरी कृत्यांचा गुन्हा म्हणून स्पष्ट उल्लेख आहे.

आतां अंजनाची जागा धातुशोधक यंत्रानें घेतली आहे. यंत्र शास्त्रीय आहे यांत संशय नाहीं. परंतु तें हातीं धरणाऱ्याची दृष्टि अंजनाचीच राहिली, तर फसगत टळत नाहीं. यास्तव यंत्र काय करतें, काय करीत नाहीं, आणि त्याचा नाद ऐकूं आल्यावर कसें वागावें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

या यंत्राचा जन्म धनासाठीं झाला नाहीं. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांजवर एका मारेकऱ्यानें गोळी झाडली. शरीरांत रुतलेली गोळी वैद्यांस सांपडेना. तेव्हां टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने विद्युत्प्रवर्तनाच्या तत्त्वावर एक उपकरण जुळविलें. तें इतर प्रसंगीं बरोबर चाले. पण अध्यक्षांच्या शय्येपाशीं त्याचा नाद भलतीकडेच येऊं लागला. बिछान्यांत पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या, आणि वैद्यांनीं शोधहि शरीराच्या एकाच बाजूस करूं दिला. सप्टेंबरांत अध्यक्ष निवर्तले. यंत्र खोटें बोललें नव्हतें. त्यानें धातु ऐकला आणि सांगितला. तो कोणता धातु, हें ओळखणें माणसाकडे होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचा सैनिकी अभियंता योझेफ कोसात्स्की याने याच तत्त्वावर भूसुरुंग शोधण्याचें हलकें यंत्र सिद्ध केलें, आणि १९४२ सालीं एल अलामीनच्या रणांगणावर तें उपयोगी पडलें.

यंत्राची रचना अशी. दांड्याच्या टोकाशीं थाळीएवढी चकती असते व तींत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून दर सेकंदास कांहीं हजार वेळां दिशा पालटणारा वीजप्रवाह वाहतो, आणि त्यामुळें चकतीखालच्या जमिनींत तसेंच पालटणारें चुंबकीय क्षेत्र पसरतें. तेथें धातूचा तुकडा असेल, तर त्यांत पाण्यांतील भोवऱ्यांसारखे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. या प्रवाहांचें स्वतःचें क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यास जाणवतें, आणि कानांस नाद ऐकूं येतो. परत येणारी ही लहर मूळ लहरीच्या किंचित् मागें रेंगाळते. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकांत ती अधिक रेंगाळते, पातळ वर्खांत कमी. लोखंड स्वतः चुंबकधर्मी असल्यानें त्याची तऱ्हा निराळी. या फरकावरून यंत्र धातूची जात अदमासानें सांगतें. हा अदमासच होय. सोन्याची लहान अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद यांचा नाद पुष्कळदां सारखाच येतो; म्हणून कचरा नको असें म्हणून जो तो नाद बंद करतो, तो सोन्यासहि गप्प करतो.

नवशिक्यानें पहिला धडा स्वतःच्या अंगणांत गिरवावा. प्रथम यंत्रानें अंगण धुंडाळून त्यांतील जुने खिळे, पत्र्याचे तुकडे काढून टाकावे. मग तांब्याचा तुकडा, पितळी घुंगरू, लोखंडी खिळा, बाटलीचें बूच व चंदेरी कागद अशा वस्तु कांहीं चार बोटें, कांहीं आठ बोटें, कांहीं वीतभर खोल पुराव्या आणि प्रत्येकीजवळ खुंटी रोवून तिच्यावर नांव लिहावें. सध्याचा रुपया पोलादी असल्यानें यंत्र त्यास बहुधा लोखंडांतच काढतें; हें प्रथम ऐकून मनुष्य चकित होतो. चकती जमिनीस समांतर व अगदीं लगत ठेवून हळू फिरवावी. विळा चालविल्याप्रमाणें दोन्ही टोकांस ती उचलली, तर कडेच्या वस्तु निसटतात. प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर अर्धा चढावा. नाद आला कीं त्याच जागीं प्रथम पूर्व-पश्चिम, मग दक्षिण-उत्तर असें चकती फिरवून फुली साधावी. दोन्ही दिशांनीं सारखा, गोल नाद आला तर वस्तु नाण्यासारखी समजावी. एका दिशेनें येऊन दुसऱ्या दिशेनें तुटणारा नाद बहुधा खिळ्याचा. अशा आठ-पंधरा दिवसांच्या सरावानें जें कान शिकतात, तें यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत सांपडत नाहीं.

दुसरा धडा मातीचा. खानदेशची काळी जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झाली आहे, आणि त्या पाषाणांत चुंबकी लोहाचे कण असतात. त्यामुळें धातु नसतांनाहि यंत्र कुरकुरतें. यासाठीं धातुरहित जागीं चकती वर-खालीं करून यंत्राचा समतोल जमिनीशीं जुळवावा लागतो, आणि काळींतून पांढरींत गेलें कीं तो पुन्हां जुळवावा लागतो. जुन्या चुलीची भाजलेली माती आणि विटांचे तुकडेहि असाच भास निर्माण करतात. खोलीविषयींहि भ्रम नसावा. साधारण यंत्रास एकटें नाणें वीतभर, फार तर थोडें अधिक खोल असलें तर कळतें. मोठें भांडें त्याहून खोल कळतें. परंतु वीस-पंचवीस हात खोलचें सोनें दाखवितें म्हणून जें हातांतलें यंत्र मोठ्या किंमतीस विकलें जातें, तें अंजनाचेंच भावंड समजावें.

आतां तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा. ज्या टेकाडावर पूर्वीं गांव वसलें होतें, त्याच्या मातीस आपण पांढर म्हणतों. धाब्याच्या घरांवर घालण्यासाठीं खानदेशांत ही माती गाडे भरभरून नेली जात असे. गिरणेच्या कांठीं बहाळ येथें, तसेंच तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशें येथें पुरातत्त्ववेत्त्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत अशाच टेकाडांचें थर एकेक करून उलगडले, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वसाहतींचा क्रम उजेडांत आला. हा क्रम म्हणजे पुस्तकाचीं पानें होत. नादाच्या मागें लागून टेकाडांत खड्डा घेणारा मनुष्य त्या पुस्तकांतून एक अक्षर उपटतो आणि पान फाडून टाकतो.

याचीं दोन उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं एकत्र सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां उठविला होता. तीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर कांहीं शेर चांदी हातीं आली असती. अभ्यासकांच्या हातीं पडल्यामुळें सातवाहनांनीं क्षत्रपांवर मिळविलेल्या विजयाचा पुरावा मिळाला. दुसरें उदाहरण प्रवरेच्या कांठच्या दायमाबादचें. तेथें १९७४ सालीं एका ग्रामस्थास झाडाचें मूळ खणतांना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार भरीव कांस्यमूर्ति मिळाल्या. त्यांचें वजन साठ किलोहून अधिक आहे. मूर्ति वांचल्या, पण त्या कोणत्या थरांत होत्या हें शास्त्रोक्त उत्खननांत टिपलें गेलें नव्हतें. म्हणून त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद झाला.

कायदाहि याविषयीं स्पष्ट आहे. १८७८ च्या भारतीय निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास, तें काय, किती, कोठें व केव्हां सांपडलें हें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविलें पाहिजे. तें धन बेवारशी ठरलें आणि जागेचा मालक दुसरा असला, तर सामान्यतः तीन हिस्से शोधणाऱ्यास व एक हिस्सा मालकास मिळतो; सरकारनें तें घेतलें तर धातूच्या किंमतीवर एकपंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. लपविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. संरक्षित स्थळीं परवान्यावांचून उत्खनन करण्यास १९५८ च्या कायद्यानें मनाई आहे, आणि शंभर वर्षांवरील पुराणवस्तूंस १९७२ चा कायदा लागू होतो. म्हणजे प्रामाणिकपणें कळविणाऱ्यास कायदा रिकाम्या हातीं पाठवीत नाहीं.

१९९२ सालीं इंग्लंडांत हॉक्सन गांवीं एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. त्याच्या मित्रानें तो शोधण्यासाठीं धातुशोधक यंत्र फिरविलें आणि त्यास रोमन काळचीं नाणीं लागलीं. त्यानें थोडें उकरलें. पण ठेवा मोठा आहे हें ध्यानीं येतांच हात आवरला आणि अधिकाऱ्यांस बोलाविलें. दुसऱ्याच दिवशीं पुरातत्त्ववेत्त्यांनीं बाकीचा ठेवा मातीसकट उचलला, म्हणून नाणीं व दागिने पेटींत कसे रचून ठेवले होते हेंहि कळूं शकलें. नाणीं चौदा हजार आठशेंच्या वर भरलीं. तो हातोडाहि सांपडला, आणि ब्रिटिश म्युझियमनें तोहि जपून ठेवला.

जामनेरच्या काळ्या जमिनींत धातुशोधकास रोजचें कामहि पुष्कळ आहे. कपाशी वेंचतांना गळलेलें मंगळसूत्र, बांधावर हरवलेलें जोडवें, नांगराचा निसटलेला बोल्ट, किंवा जमिनींत गेलेला लोखंडी नळ त्यानें अवश्य शोधावा. एखाद्या घरच्या लेकीसुनेचा गळलेला दागिना परत तिच्या हातीं पडला, तरी यंत्राची किंमत वसूल झाली. मात्र पांढरींत नाद ऐकूं आला, तर खुंटी रोवावी, जागा टिपून ठेवावी, कुदळ घरींच राहूं द्यावी, आणि जळगांवास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज धाडावा.